सुमतीअक्कांचा गुरुवार

गुरुवारी सुमतीअक्का साडीला पिन लावत नसत. केसांत आकडाही नसे. एरवी त्यांचा अंबाडा इतका घट्ट की वाऱ्यानंही एक केस हलू नये, पण गुरुवारी वेणी घालून तिच्या टोकाला जाड दोरा बांधलेला असायचा. तुरुंगाच्या फाटकावर धातूचं सगळं काढून ठेवावं लागतं. पहिल्या दिवशी तिथल्या शिपाईबाईनं अक्कांना एकेक आकडा काढायला लावला होता आणि त्या तशाच, मोकळ्या केसांनी आत गेल्या होत्या. "साठ वर्षांची बाई, आणि नळावर भांडून आल्यासारखी त्या पोरांपुढे उभी," असं त्या नंतर सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मी तेव्हा बेंगळुरूतल्या एका ख्रिस्ती धर्मविद्यालयाच्या दूरशिक्षण विभागात कामाला होतो. आमच्या विद्यालयानं कैद्यांसाठी धर्मशास्त्राची पदवी सुरू केली होती. कुठल्याही धर्माच्या माणसाला ती घेता यायची. पहिली दोन वर्षं सगळ्यांनी सगळे धर्म वाचायचे आणि तिसऱ्या वर्षी ज्यानं त्यानं आपापला. पुस्तकं आम्ही पोचवत होतो, पण आठवड्यातून एकदा आत जाऊन शिकवायला माणूस मिळत नव्हता. कुणी एकदा येऊन परत आलं नाही, कुणी फाटकापासूनच मागे फिरलं. मग कुणीतरी सुमतीअक्कांचं नाव सुचवलं. त्या बायकांच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि बसवनगुडीत धाकट्या भावाकडे राहत होत्या.

घराण्याचे पूर्वज काही शतकांमागे साताऱ्याकडून कुणा सरदाराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली होती, पण कन्नडच्या शेजारात राहून वेगळीच झाली होती. मी सोलापूरचा आहे हे कळल्यावर अक्कांनी इंग्रजी तिथंच सोडलं. म्हणाल्या, "मग मराठीतच बोलूया की. आमची मराठी तुला विचित्र वाटेल. स्वल्प सांभाळून घे."

घर माध्वांचं. भाऊ माधवराव दर गुरुवारी राघवेंद्रस्वामींच्या मठात जात, आणि अक्काही जन्मभर जात आल्या होत्या. तुरुंगानं वर्गासाठी नेमका गुरुवारच दिला. माधवरावांना ते लागलं. माझ्यादेखतच ते एकदा म्हणाले, "गुरुवारी मठ सोडून जेलात जायचं, हे कुठलं धर्मशास्त्र अक्का?" अक्का ओट्याशी उभ्या राहून डब्यात अवलक्की, म्हणजे पोहे, भरत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी गेले नाही तरी मठातली आरती होते रे. तिथं मी गेले नाही तर वर्ग होत नाही." मग माझ्याकडे वळून, "चल मोहन, उशीर होतो."

वर्ग तुरुंगाच्या वाचनालयात भरायचा. विद्यार्थी नऊ-दहा. पहिल्या दिवशी ते जातीधर्माप्रमाणे तीन कोपरे करून बसले होते. अक्कांनी कुणालाही उठवलं नाही. नाव विचारलं, गाव विचारलं. गुन्हा त्यांनी कधीच, कुणालाच विचारला नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही देवाशी शेवटचं कधी भांडलात, ते सांगा." शेवटी बसवराज नावाचा, हावेरीकडचा पन्नाशीचा शेतकरी म्हणाला, "मी भांडत नाही अक्का. बोलणंच सोडलंय." त्यावर मागून कुणीतरी हसलं. हसणारा इम्तियाज होता. म्हणाला, "मी रोज भांडतो. तोच बोलत नाही." अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मग तुम्ही दोघं शेजारी बसा." आणि ते बसले. पुढची तीन वर्षं तिथंच बसले.

इम्तियाज बेंगळुरूच्याच शिवाजीनगरचा. तिशीच्या आतबाहेर, किडकिडीत, दाट भुवयांचा. येलहंक्याच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. जन्मठेप होती. आई आचाऱ्यांच्या हाताखाली लग्नाच्या जेवणावळींत पोळ्या लाटायची आणि मुलाखतीच्या दिवशी बसनं येऊन त्याला भेटायची. त्याचं डोकं चलाख होतं. कन्नड, उर्दू, इंग्रजी तिन्ही वाचायचा. अक्कांना तो आवडायचा हे उघड दिसत असे, म्हणजे त्याला त्या सगळ्यांत जास्त रागवायच्या.

शिक्षक म्हणून अक्का सोप्या नव्हत्या. बाहेरच्या जगात लोक समजायचे की बाई दयाळू आहेत, कैद्यांना शिकवतात. अक्कांना हे दयाळूपण चालत नसे. एकदा आमच्या ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं की बिचाऱ्यांना जरा सढळ हातानं मार्क द्यावेत. अक्कांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "बिचारे म्हणून मार्क दिले तर ते डिग्री घेऊन बिचारेच राहतील," म्हणाल्या, आणि चष्मा परत घातला.

दुसऱ्या वर्षी 'क्षमा' या विषयावर निबंध होता. इम्तियाजनं सुरेख लिहिला. वेगवेगळ्या धर्मांतली वचनं, त्यांची तुलना, शेवटी निष्कर्ष. मी वाचला होता, आमच्या विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना दाखवावा असा होता. अक्कांनी त्याला नापास केलं.

"चूक काय आहे त्यात?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज चढला होता. दाराशी बसलेल्या शिपायानं मान वर केली.

"चूक काहीच नाही. सगळं पुस्तकातलं आहे. यात तू कुठं आहेस?"

"मी कुठं असणार? बॅरेकमध्ये."

"मग तिथून लिही की."

तो तीन गुरुवार वर्गाला आला नाही. चौथ्या गुरुवारी आला आणि न बोलता कागद पुढे ठेवले. अक्कांनी तिथंच वाचले आणि मग मला वाचायला दिले.

त्यानं लिहिलं होतं की आपल्या धर्मात तौबा केली तर अल्लाचा जो अपराध असेल तो अल्ला माफ करतो. पण माणसाचा जो अपराध केला तो त्या माणसानंच माफ करावा लागतो, अल्ला मध्ये पडत नाही. 'मी मंजुनाथला मारलं. आम्ही एका गॅरेजात होतो. उगादीच्या सणाला मी त्याच्या घरी जेवायचो. भांडण कशावरून झालं ते सांगण्यासारखंही नाही, तो काहीतरी बोलला आणि माझ्या हातात पाना होता. ज्यानं माफ करायचं त्याला मीच ठेवलं नाही. त्याची बायको शोभा येलहंक्यात राहते. ती मला भाऊ म्हणायची.'

अक्कांनी त्याला पास केलं. सर्वांत जास्त मार्क दिले. वर्ग संपल्यावर तो त्यांच्याजवळ आला. "अक्का, तुम्ही तिला विचाराल? माझ्या वतीनं?"

अक्कांनी त्याचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, "विचारीन. उत्तर काहीही आलं तरी तेच तुला सांगीन. चालेल?"

"चालेल."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. येलहंक्याच्या जुन्या वस्तीत, रेल्वेलाइनच्या पलीकडे, एका खोलीचं घर. शोभा कपड्यांच्या फॅक्टरीत शिलाईच्या मशीनवर बसायची, रविवार म्हणून घरी होती. आतल्या अंगाला चौदा-पंधरा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून शर्टांचे लोंबणारे दोरे कापत होती. अक्कांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. काही लपवलं नाही. शोभानं सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाली नाही.

"तो शिकतोय?"

"हो."

"काय?"

"धर्मशास्त्र. डिग्री आहे."

शोभानं मागे वळून मुलीकडे पाहिलं. "ही माझी पवित्रा. नववीत शाळा सुटली. हिला कोण शिकवतंय?"

अक्का त्या मुलीच्या हातांकडे बघत होत्या.

"त्याला सांगा अम्मा, माझ्याकडे त्याच्यासाठी काही नाही. आणि तुम्ही पुन्हा येऊ नका."

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मेखरी सर्कल मागे गेलं. मग म्हणाल्या, "तिनं बरोबर विचारलं, मोहन. इतकी वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवलं, इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता."

गुरुवारी त्यांनी इम्तियाजला बाजूला घेतलं. "ती नाही म्हणाली."

"काय म्हणाली नक्की?"

"तुझ्यासाठी तिच्याकडे काही नाही, असं म्हणाली."

त्यानं मान हलवली. "हौ," म्हणाला. "ठीक म्हणाली." आणि जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं नेहमीसारख्या नोट्स घेतल्या. बसवराजनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता तो वर्ग संपेपर्यंत काढला नाही.

त्यानंतर दोन-तीन रविवार गेले असतील. मला माधवरावांचा फोन आला. अक्का रविवारी सकाळी कुठं जातात, मला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "येलहंक्याला. त्या पोरीला बाहेरून दहावीला बसवते आहे."

"शोभा तयार झाली?"

"पहिल्यांदा दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाली, माफीचा एक शब्द काढलात तर चालती व्हा. मी म्हटलं, सरी."

बसवनगुडी ते येलहंका म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बस बदलून. गुडघे दुखत असत, तरी त्या जात. शोभा त्यांच्याशी कामापुरतंही बोलायची नाही. अक्का आल्या की ती कपडे घेऊन धुवायला बाहेर जायची.

मी विचारलं, "इम्तियाजला सांगितलंत?"

"नाही. तूही सांगायचं नाही."

"त्याला बरं वाटेल."

"म्हणूनच नाही. तो लगेच त्यात आपलं काहीतरी शोधेल. ती पोर गणित शिकते आहे, मोहन. तिच्यावर आणखी कुणाचं ओझं नको."

तिसऱ्या वर्षाची शेवटची परीक्षा झाली. तुरुंगातच, आमच्या देखरेखीखाली. इम्तियाजचे सगळे पेपर उत्तम गेले होते. शेवटच्या पेपरात क्षमेवर मोठा प्रश्न होता आणि तो सक्तीचा होता. इतर उत्तरं लिहून झाल्यावर त्यानं प्रश्नाचा क्रमांक घातला आणि खाली काहीच लिहिलं नाही. वेळ संपेपर्यंत पेन बंद करून बसून राहिला. एवढ्यानं तो त्या पेपरात नापास झाला.

"का रे?" अक्कांनी निकाल सांगताना विचारलं. "तुला येत होतं."

"पुस्तकातलं येत होतं," तो म्हणाला. "ते तुम्ही चालवून घेत नाही. दुसरं माझ्याजवळ नाही, अक्का."

अक्का खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. मग म्हणाल्या, "फेरपरीक्षा आहे. मी येतच आहे. बघूया."

फेरपरीक्षेच्या आधी एका गुरुवारी आम्ही गेलो तर बसवराजच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बाकीचे सगळे उभे होते. बसवराजनं सांगितलं. इम्तियाजला कावीळ झाली होती, आधी कुणाच्या लक्षात आली नाही, पोटात पाणी भरलं, सरकारी इस्पितळात नेला. आदल्या दिवशी गेला. दफन झालंसुद्धा.

अक्का म्हणाल्या, "बसा सगळे." सगळे बसले. त्यांनी पुस्तक उघडलं, पान काढलं, वाचायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग बसवराज उठला, त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि आपल्या जाड आवाजात कन्नडमध्ये वाचू लागला. तास संपेपर्यंत तोच वाचत होता.

फाटकातून बाहेर पडल्यावर अक्का म्हणाल्या, "शिवाजीनगरला चल."

इम्तियाजची आई गल्लीच्या टोकाच्या खोलीत चटईवर बसली होती. भोवती शेजारणी. अक्का तिच्याजवळ खाली बसल्या, गुडघ्यांमुळे त्यांना ते जड गेलं. म्हातारीनं त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. "टीचरअक्का क्या?" अक्कांनी मान हलवली. म्हातारीनं त्यांचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग विचारलं, "पास हुआ था क्या मेरा बेटा?"

खोलीतल्या बायका अक्कांकडे बघू लागल्या. मला वाटलं त्या हो म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"एक पेपर रह गया था, अम्मा," अक्का म्हणाल्या.

म्हातारीनं ते ऐकलं. ओठ हलवत मनाशी काहीतरी जुळवलं. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "एकीच रहा ना. बाकी सब तो हुए." आणि पदर तोंडावर घेऊन रडू लागली. अक्का तिथंच बसून राहिल्या. बाहेर असरच्या नमाजाची बांग झाली, शेजारणी उठून गेल्या, तरी दोघींचे हात तसेच एकमेकींत होते.

विद्यालयाच्या प्राचार्यांना कळलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. भला माणूस होता. म्हणाले, एका पेपरासाठी काय अडवायचं, मरणोत्तर पदवी देऊ, समारंभात आईला बोलावू. अक्का नाही म्हणाल्या.

"तो नापास झाला नाही, सर. त्यानं ते उत्तर दिलंच नाही, कारण ते द्यायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं. आता आपण त्याला मार्क दिले तर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल."

प्राचार्य म्हणाले, "त्याच्या आईसाठी तरी."

"आईला मी सांगितलंय," अक्का म्हणाल्या. "तिनं ऐकून घेतलंय."

ऑफिसातल्या पुष्कळांना त्या दिवशी अक्का कठोर वाटल्या. मीही त्यांतला. पण बाहेर पडून आम्ही रिक्षाची वाट बघत उभे राहिलो तेव्हा त्यांनी विजेच्या खांबाला हात टेकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी त्याला विचारायला नको होतं रे. तू कुठं आहेस यात, म्हणून. पुस्तकातलं लिहून सुखानं पास झाला असता. घरी आईनं भिंतीला लावली असती डिग्री."

"अक्का, तुम्ही त्याला..."

"गप बस," त्या म्हणाल्या. "समजूत नको घालूस." मी रिक्षाला हात केला.

त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर येलहंक्याला गेलो. पवित्राचा अभ्यास घेऊन झाल्यावर अक्कांनी शोभाला हाक मारली. ती ओले हात पुसत दारात आली.

"मी तुला शब्द दिला होता, त्याच्याबद्दल बोलणार नाही म्हणून. आज एवढंच सांगते. तो गेला."

शोभा तशीच उभी राहिली. "कशानं?"

"कावीळ."

आत पवित्राची पेन्सिल थांबली होती.

"त्याची आई आहे अजून?"

"आहे."

शोभा उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मी माफ केलं असतं असं नाही, अम्मा. कधीच केलं नसतं. पण मरावा असंही मी म्हटलं नव्हतं." मग तिनं आत बघत, काहीसं रागानंच म्हटलं, "चहा टाकते."

इतक्या महिन्यांत त्या घरात अक्कांना कुणी पाणी विचारलं नव्हतं. चहा आला. अक्कांनी ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. शोभा समोर बसून होती. चहा निवून गेला.

गुरुवार चालू राहिला. बसवराज पास झाला. तुरुंगातल्या छोट्या समारंभात त्यानं काळा झगा घातला, तो त्याला आखूड होत होता. अक्कांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. नवे विद्यार्थी आले. अक्का पूर्वीइतक्याच कडक होत्या, पण 'क्षमा' हा धडा आला की पुस्तक विद्यार्थ्यांकडे देत आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहत. वाचन संपलं की परत येत. त्यावर त्या काही विचारत नसत, काही समजावूनही देत नसत. घरी त्या मठाबद्दल, देवाबद्दल बोलेनाशा झाल्या. माधवराव मला एकदा म्हणाले, "मोहन, पूर्वी ती गुरुवारी मठात यायची नाही म्हणून मी भांडायचो. आता वर्ग संपवून संध्याकाळी येते. येते आणि बाहेरच बसते."

मग मला पुण्यात नोकरी मिळाली. पुढच्या थंडीत माधवरावांचा फोन आला. अक्का झोपेतच गेल्या होत्या. मला जाता आलं नाही. त्यामुळे माझ्याजवळ अक्कांचं शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीचं, बेंगळुरू सोडण्याच्या दिवसाचं.

निरोप घ्यायला अक्कांच्या घरी गेलो तर माधवरावांच्या पत्नी म्हणाल्या, अक्का येलहंक्याला गेल्या आहेत, पवित्राचा गणिताचा पेपर आहे. संध्याकाळची गाडी होती, वेळ होता. गेलो. ऊन कडक होतं. शाळेच्या फाटकासमोर पालकांची गर्दी, आणि थोड्या अंतरावर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखालच्या कट्ट्यावर अक्का बसलेल्या. त्याच कट्ट्यावर, हातभर जागा सोडून, शोभा. फॅक्टरीतून रजा घेऊन आली असावी. दोघींची नजर फाटकावर होती.

मी पाया पडलो. अक्का म्हणाल्या, "निघालास? सरी. जाऊन ये." मग जरा थांबून, "पुण्यात मोठा तुरुंग आहे म्हणे."

"आहे, अक्का."

"हं," म्हणाल्या, आणि पुन्हा फाटकाकडे बघू लागल्या.

कोपऱ्यापर्यंत जाऊन मी मागे वळून पाहिलं. पेपर सुटायला अवकाश होता. अक्का ताठ बसल्या होत्या आणि रडत होत्या. डोळे पुसत नव्हत्या, चेहरा झाकत नव्हत्या. फाटकावरची नजरही काढली नव्हती. शोभाला ते दिसत होतं. ती जवळ सरकली नाही, अक्कांकडे वळलीही नाही. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण सैल केलं आणि ती दोघींच्या मधल्या जागेत ठेवली.